हजार कोटींत एकदा

१९९७ साली कुंभार पिंपळगावच्या पतसंस्थेत पहिला कॉम्प्युटर आला, तेव्हा आठवडी बाजाराला लाजवील एवढी गर्दी लोटली. यंत्राला हळदकुंकू वाहिलं, नारळ फुटला आणि पुण्याहून आलेले 'अर्थयोगी' मार्तंडशास्त्री डोळे मिटून कीबोर्डवर वाकले.

"मोठे कर्जदार दहा. एकेक बुडण्याची शक्यता दहात एक. पण दहाही एकदम?" त्यांनी बटण दाबलं. प्रिंटर खरखरला. "हजार कोटींत एकदा! पृथ्वीवर तेवढी माणसंही नाहीत, सज्जनहो!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. त्या कडकडाटातच शास्त्रींनी उरलेलं सांगून टाकलं: राखीव निधी ठेवायचं कारण नाही, सगळ्या ठेवी कर्जाऊ द्या. प्रत्येक कर्जामागे शास्त्रींची दक्षिणा तेवढी वेगळी.

अध्यक्ष काकासाहेब भारावले. त्यांना नव्या इमारतीवर आपल्या नावाची पाटीसुद्धा दिसू लागली. ते ठराव मांडणार, तोच सगुणाबाई उठल्या. लेकीच्या नर्सिंगच्या शिक्षणासाठी त्यांनी दूध विकून ठेव ठेवली होती.

"काकासाहेब, माझे पैसे बराबर राहतील न्हवं?"

"बिलकुल! यंत्र कधी खोटं बोलतं का?"

"यंत्र नाही बोलत, मामा." काकासाहेबांची भाची विमल जालन्याच्या कॉलेजात संख्याशास्त्र शिकवायची. ती पुढे आली. "दहाही कर्जदार उभे राहा बरं. आता सांगा, साखर कारखान्यानं उसाचं बिल सहा महिने थकवलं, तर ज्याचा हप्ता चुकेल त्यानं खाली बसायचं."

ऊस लावणारे सहा जण लगेच बसले. ऊस वाहणारा ट्रॅक्टरवाला कडूबा बसला. कारखान्याच्या फाटकावरचा हॉटेलवाला रखमाजी बसला. खतविक्रेता कचरूही बसला. किराणा दुकानदार भुजंग तेवढा ताठ उभा.

"माझा उसाशी काय संबंध?"

"उधारी कोणाकडे आहे, भुजंगदादा?"

भुजंगनं बसलेल्यांवर नजर फिरवली. "ह्यांच्याकडंच की!" म्हणत तोही बसला.

"मामा," विमल म्हणाली, "हजार कोटींत एकदा घडणारं आत्ताच घडलं!"

सभागृह हसून लोटपोट झालं. काकासाहेबांचे कान मात्र तापले. शास्त्री म्हणाले, "बाई, गणितावर अविश्वास?"

"गुणाकार बरोबर आहे, पण तो एकमेकांशी संबंध नसलेल्यांसाठी. हे दहा जण एकाच कारखान्यावर जगतात. बुडाले तर एकदमच बुडणार. हा संबंध तुम्ही यंत्राला सांगितलाच नाही."

काकासाहेबांनी ठराव मांडलाच नाही. शास्त्री घनसावंगीला जाणाऱ्या जीपमध्ये दाटीवाटीनं बसून गेले. पुढच्या हंगामात कारखान्यानं खरंच बिलं थकवली आणि हप्ते थांबले. पण राखीव निधी शाबूत होता, त्यामुळे सगुणाबाईंची ठेव ठरल्या दिवशी मिळाली.

आकडा यंत्रातून निघाला म्हणून तो देव होत नाही. त्याच्यासमोर हात जोडण्याआधी एवढंच विचारावं: तुझ्या पोटात काय घातलं, आणि काय घालायचं टाळलं?