जिभेची गाठ

हॉलमध्ये दोनशे माणसं दाटीवाटीने उभी होती आणि माझी चार वर्षांची भाची किंचाळत होती. तिच्या बापानेच तिचे हात मागे आवळले होते. समोर चिमटेमहाराज. त्यांनी शेगडीतला तापलेला चिमटा उचलला आणि तिच्या जिभेच्या टोकाला लावला.

ती बोलताना अडखळायची. जिभेत शापाची गाठ आहे, ती जाळल्याशिवाय सुटायची नाही, असं महाराजांचं निदान. गाठ कुणी पाहिली हे विचारायची सोय नव्हती. विचारणाऱ्याची जीभ झडते, हेही त्यांनी सांगून ठेवलं होतं. मी पुढे धावलो, तर दोन चेल्यांनी मला भिंतीशी नेऊन असं बडवलं की पुढचा दात तुटून तळहातावर आला.

मग महाराजांनी तिच्याबरोबर एक ते वीस अंक म्हटले. हुंदके देत, ओठांवर रक्त असताना, पोर एकदाही अडखळली नाही. लोक पाया पडले. माझी बहीणही पडली.

पुढचा मुलगा पाच वर्षांचा होता, तोही अडखळणारा. त्याला धरणार तोच वाचातज्ज्ञ बाई गर्दीतून आत आल्या. लहान मुलांच्या तोतरेपणावर त्या संशोधन करत होत्या. भाची महिनाभर त्यांच्याकडे जात होती. गुण लवकर येत नाही म्हणून मेहुण्याने ते बंद केलं होतं. सकाळी मीच त्यांना फोन केला होता.

"चिमट्याआधी याला माझ्याबरोबर अंक म्हणू द्या," बाई म्हणाल्या.

दोनशे माणसांसमोर महाराजांना नाही म्हणता येईना. मुलाने वीसही अंक घडाघडा म्हटले.

"चिमटा अजून शेगडीतच आहे," बाई म्हणाल्या. मग बहिणीकडे वळल्या. "आता तुमच्या मुलीला एकटीला बोलू द्या."

बहिणीने विचारलं, "बाळा, काय हवंय?"

"पा... पा... पाणी."

सोबत दुसरा आवाज असला की बहुतेक तोतऱ्या मुलांचं बोलणं सरळ चालतं, सोबत सुटली की पुन्हा अडतं, एवढं बाईंनी सांगितलं आणि महाराजांनी त्यांच्या कपाळावर चिमटा हाणला.

मग मघाशी पाया पडणारेच महाराजांवर तुटून पडले. पहिला ठोसा मेहुण्याचा होता. दुसऱ्या ठोशात महाराजांचं नाक फुटलं. बाई कपाळ दाबून मध्ये उभ्या राहिल्या. त्याला पोलिसांत द्या, म्हणाल्या, आणि पोरीला आधी दवाखान्यात न्या.

जीभ तीन आठवड्यांत भरली. बापाजवळ ती कित्येक महिने फिरकली नाही. उपचारांना वर्ष लागलं: रोज पंधरा मिनिटं आईने, पुढे बापानेही, सावकाश बोलायचं, तिचं वाक्य तोडायचं नाही, नीट आलेल्या शब्दाचं कौतुक करायचं. आजही ती कधीमधी अडते.

तुमचं मूल अडखळत असेल तर त्यात ना शाप, ना तुमची चूक. तज्ज्ञाला लवकर दाखवा. आणि कुणी चमत्कार दाखवला, तर एवढंच विचारा: हा उपाय न करताही असंच झालं नसतं कशावरून? मी हे त्या दिवशी मोठ्याने विचारायला हवं होतं.