दोन काठ्यांतली हलकी

मला जुनी म्हणा, बारकी म्हणा, पण मित्रांनो, जळमटं काढायची काठी म्हणू नका. तेवढं मला सहन होत नाही. मी मासे धरायची काठी आहे. शिरूरच्या मिशन कंपाउंडात राहते. आणि मी एक गोष्ट अशी पाहिली आहे, की ती आठवली तरी अजून माझा शेंडा थरथरतो.

माझा जन्म सातासमुद्रापलीकडचा. एका म्हाताऱ्या कारागिराने बांबू चिरून सहा बारीक पट्ट्या काढल्या, तासल्या, सरसाने एकजीव केल्या, रेशमी दोऱ्याचे वेढे दिले आणि वर वार्निश चढवलं. त्यानेच माझी थोरली बहीण घडवली. ती जाडजूड, नऊ फुटी. मी सात फुटी, आणि वजन म्हणाल तर अवघे सात तोळे. एका पाद्रीसाहेबांनी आम्हा दोघींना विकत घेऊन आगबोटीने इकडे आणलं.

आमचं काम जरा वेगळं असतं, बरं का. आमच्या गळाला गांडूळ लावत नाहीत, शिसं बांधत नाहीत. पिसांची एक खोटी माशी करतात. तिला वजन असं नसतंच. मग ती लांब जाणार कशी? तर वजन दोरीत असतं. दोरी आधी मागे टाकायची, ती मागे सरळ झाली की पुढे सोडायची. मोठ्या नदीला जड दोरी आणि जड काठी. ओढ्याला मात्र माझ्यासारखी हलकी हवी. म्हणजे माशी पाण्यावर अलगद टेकते, उथळ पाण्यातला मासा बुजत नाही, आणि तो कितीही लहान असला तरी त्याची ओढ हाताला कळते.

पाद्रीसाहेब हे सगळं आपल्या मोडक्यातोडक्या मराठीत बन्यामीन मिस्त्रींना समजावत. मिस्त्री म्हणजे मिशनचे सुतार. चर्चची बाकं, शाळेचे फळे, दवाखान्यातले पाळणे, सगळं त्यांच्या हातचं. ते मान डोलवत, आणि घोडनदीवर निघाले की थोरलीलाच उचलत.

"साहेब, ही बारकी घेऊन गेलो तर लोक हसतील मला," म्हणत.

साहेब मायदेशी परतले तेव्हा आम्ही दोघी मिस्त्रींच्या घरी आलो. थोरलीचा थाट काय विचारता! तिला दर महिन्याला जवसाचं तेल. आणि मी? मिस्त्रींच्या बायकोने, मार्थाबाईंनी, माझ्या शेंड्याला फडकं बांधून चर्चच्या आढ्याची जळमटं काढली. माझी रेशमी दोरी तर नाताळच्या नाटकाचा पडदा ओढायला गेली. सोळा वर्षं सगळे मेंढपाळ आणि देवदूत माझ्या दोरीच्या जिवावर लोकांसमोर आले, पण कुणी माझं नाव घेतलं असेल तर शपथ! बाहत्तरच्या दुष्काळात नदी आटली आणि थोरलीही खुंटीला लटकली. खरं सांगते, मला जरा बरंच वाटलं.

चौऱ्याहत्तर साली पोळ्याच्या सुमारास मिस्त्रींच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. हळूहळू पाय सावरला, खांदाही हलायला लागला. पण पंजात काही जीव येईना. बोटं मिटत नव्हती, आणि त्यांना काही लागलं तरी कळत नव्हतं. डॉक्टर म्हणाले, हाताला काम द्या, नाहीतर तो असाच राहील. मार्थाबाई रबरी चेंडू द्यायच्या, मिस्त्री तो फेकून द्यायचे. ज्या हाताने एवढे पाळणे केले, तो हात ते शालीखाली लपवून बसत. कुणी भेटायला आलं की भिंतीकडे तोंड. मार्थाबाई त्यांच्यासमोर हसऱ्या असत आणि स्वयंपाकघरात येऊन रडत. मी तिथेच कोपऱ्यात उभी असायची, म्हणून मला माहीत.

नाताळ तोंडावर आला असताना एका सकाळी मिस्त्री अचानक म्हणाले, "मला नदीवर ने. थोरली घे."

मार्थाबाईंना केवढा आनंद झाला! त्यांनी कोंडिबाला बैलगाडी जुंपायला सांगितलं. हा कोंडिबा पूर्वी मोट हाकायचा, विहिरीवर इंजिन आल्यावर गाडी हाकू लागला. त्याची तिन्ही पोरं मार्थाबाईंच्या हातावर जन्मलेली, त्यामुळे तो त्यांचा शब्द खाली पडू देत नसे. नदीवर काय झालं ते मला थोरलीनेच सांगितलं, रडत. मिस्त्रींनी तिला कशीबशी उचलली, एकदाच फिरवली, आणि ती हातातून निसटून पाण्यात पडली. कोंडिबा छातीभर पाण्यात उतरला म्हणून वाचली.

घरी आल्यावर मिस्त्री म्हणाले, "संपलं सगळं. त्या दोन्ही काठ्या चुलीत घाल."

आता आली का पंचाईत! पाडली थोरली, आणि जळायचं मीही! मार्थाबाई आम्हा दोघींना घेऊन चुलीपाशी बसल्या. पण त्यांची एक सवय होती. मिशनच्या दवाखान्यात त्या तीस वर्षं बाळंतपणं करत होत्या. नवं बाळ तागडीत ठेवण्याआधी त्या तळहातावर घेत, डोळे मिटत आणि वजन सांगत. तागडीने त्यांना कधी खोटं पाडलं नाही म्हणे. त्याच सवयीने त्यांनी थोरलीला तळहातांवर घेतलं आणि खाली ठेवलं. मग मला घेतलं. डोळे मिटले, आणि एकदम उघडले.

"अगं बाई! ही तर दिवस भरायच्या आधी जन्मलेल्या लेकरासारखी आहे. आणि मी हिच्याकडून जळमटं काढून घेतली!" त्या तशाच उठून बाहेर गेल्या. "अहो, जड लेकरू आधी उचलायला कुणी सांगितलं होतं तुम्हाला? चुलीत घालायचीच तर परवा घालीन. उद्या ओढ्यावर चला."

नाटकाच्या तालमी चाललेल्या, तरी त्यांनी पडद्याची दोरी सोडवून आणली. ती पाण्यावर तरंगावी म्हणून तिला व्हॅसलीन चोळलं. साहेबांचं बोलणं त्यांच्याही कानावर पडलेलं; कोंबड्याचं पीस घेऊन, नाळ बांधायच्या दोऱ्याने अशी काही माशी बांधली की पाद्रीसाहेबांनी टोपी काढली असती. माझ्या मुठीवर बँडेज गुंडाळून ती जाड केली, म्हणजे न मिटणाऱ्या बोटांतही मी बसावी.

दुसऱ्या दिवशी कोंडिबाच्या गाडीतून आम्ही ओढ्यावर गेलो. गुडघाभर पाणी, तळाचा एकेक गोटा दिसावा असं. मार्थाबाई मिस्त्रींचा हात पट्टीने माझ्या मुठीला बांधू लागल्या तेव्हा ते ओरडले, "बांधू नकोस! मी काय बैल आहे?"

"बैल असता तर कवाच कामाला लागला असता, मिस्त्री," कोंडिबा म्हणाला.

आणि मिस्त्री हसले. पोळ्यानंतर पहिल्यांदाच. आणि त्यांनी हात बांधू दिला.

पहिल्या खेपेला दोरी त्यांच्याच डोक्यावर पडली. दुसऱ्या खेपेला बाभळीत अडकली. त्यांचं तोंड उतरलं. "मनगट वाकतच नाही रे," म्हणाले.

"अवो, वाकत न्हाई त्येच बेस हाय," कोंडिबा म्हणाला. "मोटंवर आसूड वढताना पोरांनी मनगाट वाकवलं तर आमी शिव्या द्यायचो. खांद्यानं घ्या. आन् घाई करू नगा. मागं लांब होऊ द्या, मग फुडं."

मिस्त्रींनी मला खांद्यापासून मागे नेलं. थांबले. मग पुढे. काय सांगू मित्रांनो! सोळा वर्षं पडदा ओढलेली ती दोरी हवेत सरळ उलगडली आणि कोंबड्याचं पीस पाण्यावर असं टेकलं की एक तरंगसुद्धा उठला नाही. मी स्वतःच थक्क झाले. हे मला येतं, हे मलाच ठाऊक नव्हतं.

तेवढ्यात पाणी फुटलं. वीतभर रुपेरी मासा, तिकडे त्याला अळकूट म्हणतात. वजन तीन तोळेही नसेल. थोरलीला तो लागल्याचं कळलंही नसतं. पण माझा शेंडा वाकला, आणि त्या इवल्या जिवाची धडपड माझ्या अंगातून सरसरत मुठीपर्यंत गेली. मुठीवरची ती चार बोटं थरथरली. आणि मिटली! हळूहळू, एकामागून एक, कुणीही न सांगता माझ्याभोवती मिटली. डॉक्टरांना जे जमलं नाही ते तीन तोळ्यांच्या जिवाने केलं. एवढ्याशा देहात एवढं बळ ठेवणाऱ्याला मी तिथल्या तिथे मनोमन नमस्कार केला.

पुढे तो पंजा पुरता कधीच सुधारला नाही. रंधा पुन्हा धरता आला नाही. पण भाकरीचा तुकडा मोडता येऊ लागला, सदऱ्याची बटणं लागू लागली, आणि दर शनिवारी आम्ही ओढ्यावर जाऊ लागलो. मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. कुणाच्या हातात काही द्याल तेव्हा आधी तो हात किती पेलेल ते बघा. आणि हलक्या वस्तूला, हलक्या माणसाला कोपऱ्यात उभं करण्याआधी एकदा तळहातावर घेऊन बघा.

त्या पहिल्या दिवसाचं थोडं सांगायचं राहिलं. मार्थाबाई लुगडं भिजवत पाण्यात उतरल्या, मासा ओंजळीत घेऊन गळ सोडवला आणि त्याला परत पाण्यात सोडलं. मग वर येऊन मिस्त्रींपुढे उभ्या राहिल्या. कोंडिबाने हाताची पट्टी सोडून मला आपल्याकडे घेतलं. मिस्त्रींनी तो उजवा हात हळूहळू उचलला आणि बायकोच्या गालाला लावला. बराच वेळ तसाच ठेवला.

"ओलं आहे," ते म्हणाले. "मार्था, मला ओलं लागतंय."