बिनआवाजाचं दान

आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन, असं डोळस लोक एकमेकांना मोठ्या हौसेनं सांगत असतात. आम्ही आंधळ्यांनी मागितलं होतं कपडे धुण्याचं मशीन. मिळाली गाडी. सात माणसं बसतील एवढी, पेट्रोल आणि बॅटरी दोन्हींवर चालणारी, पाच वर्षं घरात वापरून झालेली.

मी या अंधांच्या वसतिगृहातली टेलिफोनवाली. जन्मापासून दिसत नाही, त्यामुळे ऐकायची सवय आहे. आणि बोर्डावर बसते, त्यामुळे दुसऱ्यांचं ऐकायची वाईट सवय आहे. मशीनचा अर्ज आम्ही फरशीवाल्या साहेबांना पाठवला होता. त्यांचं फरश्यांचं मोठं दुकान. आदल्या वर्षी दुकानात पडून राहिलेल्या फरश्या त्यांनी आमच्या अंगणात बसवून दिल्या होत्या. आधी अंगणात खडी होती, कोण आलं कोण गेलं ते पावलांवरून कळायचं. ती सुखसोय त्या वर्षी गेली.

आठवड्याभरानं त्यांच्या बायकोचा फोन आला. मॅनेजरबाईंना जोडून दिला आणि लाइनवरून उतरायचं माझ्याकडून राहून गेलं.

"नवी गाडी येतेय हो," वहिनी सांगत होत्या. "जुनीच्या बदल्यात शोरूमवाले जे देत होते ते ऐकून ह्यांना इतका राग आला, म्हणाले, त्यापेक्षा दान करतो. आमचं पार्किंगही मोकळं होईल. जागा आहे ना तुमच्याकडे?"

"जागा आहे," मॅनेजरबाई म्हणाल्या. "पण आम्ही मशीन..."

"अहो, मशीनवर नाव कुठे लिहिणार?"

बाई गरीब स्वभावाच्या. धर्माच्या गाईला दात का नाहीत असं विचारू नये म्हणतात, म्हणून त्यांनी हो म्हटलं.

समारंभाला आम्हा चाळीस जणांना अंगणात ओळीनं उभं केलं. गाडीवर कापड टाकलं होतं. आंधळ्यांसमोर वस्तू झाकून ठेवायची आणि मग तिचं अनावरण करायचं, ही कल्पना ज्याला सुचली त्याची नजर नक्की चांगली असणार. कापड ओढल्याचा आवाज आला, आम्ही टाळ्या वाजवल्या. मग साहेबांनी आमच्या ड्रायव्हरला एक चक्कर मारायला सांगितली. आम्ही वाट बघत राहिलो.

"कधी सुरू करणार?" माझ्या शेजारी उभे असलेले काका म्हणाले.

"तुमच्या समोरून गेलीसुद्धा!" साहेबांना आनंद आवरेना. "हळू चालवली की नुसती बॅटरीवर पळते. रस्त्यावर वेग घेतला तरच इंजिन बोलतं. ऐकू आली का? नाही ना? तीच तर गंमत आहे."

देवाच्या काठीला आवाज नसतो हे मला माहीत होतं. फरशीवाल्यांच्या गाडीलाही नव्हता.

दान कसं, तर या हाताचं त्या हाताला कळू नये. साहेबांनी पुढच्या दोन्ही दारांवर हातभर अक्षरांत स्वतःचं नाव रंगवून घेतलं होतं आणि खाली 'यांच्याकडून अंधांना सप्रेम भेट'. ड्रायव्हरनं आम्हाला ते वाचून दाखवलं, दोनदा, कारण दारं दोन होती. अटीही होत्या. गाडी अंगणातच उभी राहील, आणि तिच्यावर एक ओरखडाही उठता कामा नये.

आता काकांबद्दल सांगते, कारण खरी गोष्ट त्यांची आहे. काका घड्याळं दुरुस्त करायचे. साठीला आले आणि दोन्ही डोळे गेले. इथे आले तेव्हा भिंतीला चिकटून बसायचे, जेवायलासुद्धा कोणी हात धरून नेल्याशिवाय उठायचे नाहीत. त्यांना चालायला मी शिकवलं. पावलं कशी मोजायची, भिंत जवळ आली की आवाज कसा अंगावर येतो, सगळं. सहा महिने रडले, मला शिव्या घातल्या, मीही घातल्या. मग एक दिवस अंगणात एकटे फिरले. त्यानंतर रोज सकाळी साठ फेऱ्या, हात पाठीमागे बांधून, काठीशिवाय. फाटकाबाहेर चार पावलं टाकायची तरी कोणाचा तरी दंड धरावा लागायचा. हे अंगण तेवढं त्यांचं होतं.

समारंभानंतर चौथ्या दिवशी काका एकतिसाव्या फेरीत होते. ड्रायव्हर भाजी आणायला निघाला होता, गाडी मागे घेत होता. काकांना काय वाटलं कोण जाणे, त्यांनी हात पुढे केला, आणि हाताखालून गार पत्रा सरकत गेला. लागलं काही नाही. पण ते जागच्या जागी थिजले. मी बाहेर गेले तेव्हा तो हात तसाच हवेत होता. मी धरला तेव्हा कुठे खाली आला.

मॅनेजरबाई धावत आल्या. आधी काकांना विचारलं, हे मात्र खरं. मग दार पाहिलं. काकांच्या अंगठीनं साहेबांच्या नावातल्या एका वेलांटीवरून ओरखडा काढला होता.

दुसऱ्या दिवशी नोटीस लागली. फळ्यावर लागली, म्हणजे बाईंनाच ती सगळ्यांना वाचून दाखवावी लागली. गाडीच्या आणि रहिवाशांच्या सुरक्षिततेसाठी कोणीही एकट्यानं अंगणात जाऊ नये. नोटिशीत गाडीचा नंबर आमच्या आधी होता, हे मी मोठ्यानं बोलून दाखवलं.

"मग मी काय करू, तूच सांग," बाई म्हणाल्या.

"गाडीला घंटा बांधा."

"मांजराच्या गळ्यात घंटा कोणी बांधायची ते ठाऊक आहे ना? साहेबांना कोण विचारणार?"

विचारलं त्यांनीच बिचाऱ्यांनी. मी लाइनवर होते. साहेब आधी हसले, मग हसायचे थांबले. "बाई, मी तुम्हाला एवढी भारी गाडी दिली. तुम्ही तिची कचरा गोळा करणारी घंटागाडी करणार? शांतपणा हीच तर तिची शान आहे."

झालं. आंधळ्यांच्या सोयीसाठी आलेल्या गाडीची सोय म्हणून आंधळे खोल्यांत बसले. काका व्हरांड्यातल्या बाकावर बसायला लागले. पहिल्या आठवड्यात कुरकुर करायचे. दुसऱ्यात गप्प झाले. तिसऱ्यात जेवायला जाताना भिंत चाचपायला लागले. पाचव्यात मला म्हणाले, "अगं टेलिफोन, जरा हात दे. मोरीपर्यंत ने." सहा महिन्यांची मेहनत पाच आठवड्यांत पाण्यात गेली. त्या दिवशी मी बोर्डावर बसून रडले आणि रडता रडता चार फोन चुकीच्या जागी जोडले.

त्यातला एक बहिऱ्यांच्या शाळेत लागला. त्यांच्या आणि आमच्या नंबरात एका आकड्याचा फरक, त्यामुळे त्यांचे फोन आमच्याकडे आणि आमचे त्यांच्याकडे. तिथली क्लार्क माझी मैत्रीणच झालेली. त्या दिवशी ती वैतागली होती. शाळेची जुनी व्हॅन खडखडाट करते म्हणून शेजाऱ्यांनी पुन्हा तक्रार दिली होती.

"मुलांना काय, त्यांना काही नाही," ती म्हणाली. "सगळ्या शाळेत ऐकू येणारी मी एकटी. डोकं उठतं गं माझं."

मी डोळे पुसले. "थांब," म्हटलं, "फोन ठेवू नकोस."

गाडी त्यांना, व्हॅन आम्हाला, ही अदलाबदल मॅनेजरबाईंना पटली, पण साहेबांना फोन करायचं धैर्य होईना. मीच लावला.

"साहेब, बोर्डावरची बोलतेय. एक विचारायचं होतं. दारावरचं तुमचं नाव केवढं आहे हो?"

"हातभर अक्षरं आहेत. का?"

"नाही, इथे ते वाचणारं कोण आहे असा विचार करत होते. बाई आणि ड्रायव्हर, दोनच जणं. आणि ते दोघं आता पाहतसुद्धा नाहीत."

 

"रस्त्यावरून दिसतं की," साहेब म्हणाले, पण आवाजात दम नव्हता.

"दिसतं, पण लोक घाईत असतात. आता बहिऱ्यांच्या शाळेत बघा, दीडशे मुलं. त्यांचा सगळा कारभार डोळ्यांवर. येताना वाचणार, जाताना वाचणार. शिवाय आईबाप न्यायला येतात, ते गेटवर अर्धा अर्धा तास उभे." मी आणखी थोडं तेल ओतलं. "फक्त 'अंधांना'च्या जागी 'बधिरांना' लिहावं लागेल. नावाला धक्का नाही. आणि तो ओरखडाही रंगवून होईल."

 साहेब गंभीरपणे म्हणाले, "पण मग समारंभ पुन्हा करावा लागेल."

"तो तर करावाच लागेल," मी म्हटलं.

गाडी गेली. गेल्याचं नेहमीप्रमाणे कळलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेची व्हॅन आली, आणि ती मात्र दोन गल्ल्यांपासून कळली. भांड्यांचं कपाट जिन्यावरून खाली ढकलावं तशी ती फाटकातून आत आली. बाईंनी नोटीस काढून टाकली, तीही वाचून दाखवून.

काका बाकावर बसून होते. मी शेजारी जाऊन बसले.

"चला, अंगण मोकळं झालं."

"नको गं. आता नाही जमत."

"बरं, नका येऊ." मला भयंकर भीती वाटत होती, पण ती आवाजात येऊ दिली नाही. "गाडी कुठे आहे तेवढं सांगा."

"कुठे म्हणजे? फाटकाच्या आत, डावीकडे वळतेय. ऐकू येत नाही का तुला?" काकांनी कान दिला. "मागच्या दाराची बिजागरी सैल आहे. खाली सायलेन्सर नुसत्या तारेवर लटकतोय. काय माणसं आहेत, असं यंत्र वापरतात का? अरे ए ड्रायव्हर, थांब तिथे!"

आणि ते उठले. यंत्राची हेळसांड त्यांना आयुष्यात कधी सहन झाली नव्हती. ते बडबडत चालत गेले, मी त्यांची पावलं मोजत राहिले. दहा, वीस, सत्तावीस. भिंत नाही, काठी नाही, कोणाचा दंड नाही. एकतिसाव्या पावलाला पत्र्यावर थाप पडल्याचा आवाज आला आणि बडबड थांबली.

"टेलिफोन," त्यांनी तिकडून हाक मारली.  "मी कशाला धरून आलो गं?"

"कशालाच नाही," मी म्हटलं. 

ड्रायव्हर खाली उतरला होता. "काका, आजच नेतो गॅरेजमध्ये," तो ओशाळून म्हणाला. "बिजागरी, सायलेन्सर, सगळं ठीक करून आणतो."

 काका म्हणजे चाळीस वर्षं लोकांची बिघडलेली घड्याळं दुरुस्त करण्यात गेलेला माणूस. मग त्यांनी ते सैल दार एकदा उघडून लावून पाहिलं, खडखडू दिलं, आणि म्हणाले, "हात नको लावूस बाबा. असंच बिघडलेलं राहू दे."