मागची खोली धरून

म्युरियल अ‍ॅक्रॉइडच्या स्वयंपाकघरातला, पाइपांतून गरम पाणी फिरवून घर तापवणारा बॉयलर क्लिफर्डने, तिच्या नवऱ्याने, निवडलेला होता. क्लिफर्ड कीथलीच्या लोकरीच्या गिरणीत भट्टीवर कामाला. यंत्राला धाप लागता कामा नये, हे त्याचं तत्त्व. म्हणून दुकानातला सगळ्यात मोठा उचलून आणला. क्लिफर्ड जाऊन चार वर्षं झाली होती आणि या ऑक्टोबरात बॉयलरनेही मान टाकली.

नवा किती मोठा हवा हे ठरवायला ब्रॅडफर्डहून बॉयलर बसवणारा तारिक आला होता. भिंती मोजत, खिडक्यांच्या काचांवर बोट वाजवून बघत तो घरभर फिरला. लीड्सहून जिलियनही आली होती. म्युरियलच्या या लेकीचं आधीच ठरलेलं होतं.

"आई, छोटासा पुरे. तू एकटी."

"मग तुझ्या बाबांनी एवढा मोठा उगाच घेतला होता का?"

"बाबांचं चाललं असतं तर गिरणीतलाच आणून सिंकखाली कोंबला असता."

म्युरियलला हसू आलं, पण तिने मान काही हलवली नाही.

"मोठा तर फारच होता, मिसेस अ‍ॅक्रॉइड," तारिक म्हणाला. "सारखा पेटायचा-विझायचा ना? खट्ट, आणि मग पाइपांत ठकठक?"

"कायम."

"घर झटकन तापायचं, हा बंद पडायचा, पुन्हा पेटायचा. बेताचा असता तर संथ चालत राहिला असता. आवाज आलाच नसता."

म्युरियल खुर्चीवर टेकली. हिवाळ्यात पहाटे तो खट्ट झाला की घर जागं व्हायचं. तिन्ही पोरं शाळेचे कपडे बगलेत मारून जिन्याखालच्या तापलेल्या रेडिएटरकडे धावायची. गरम सदरा कुणाचा यावरून गुद्दागुद्दी. क्लिफर्ड त्यातच आपले मोजे ऊन करायला ठेवायचा आणि कुत्रा नेमका एकच पळवायचा. इतकी वर्षं ती ज्याला घराची नाडी समजत होती, तो बिघाड होता तर.

"म्हणजे चूकच झाली म्हणायची त्यांची?"

"गॅस खाणारी चूक," तारिक म्हणाला. "पण उबेला काही कमी पडलं नसेल."

"ते मात्र खरं, बाळा."

"वरच्या मागच्या खोलीतला रेडिएटर बंद दिसला. ती खोली हिशोबात धरू?"

"नको," जिलियन मध्येच म्हणाली. "त्या बाजूच्या दोन्ही सोडा. दारं लावून घे, आई. बैठकीची खोली, स्वयंपाकघर आणि तुझी खोली, बस्स. अजून लहान बसेल."

सकाळपासून आपण कशाला अडून बसलोय, ते म्युरियलला आत्ता कळलं. बॉयलर लहान येवो की मोठा, तिला सोयरसुतक नव्हतं. पण हिशोबातून सुटलेली खोली थंड पडते. मग भिंतीला ओल येते, गादी बाहेर काढावी लागते आणि येणारा म्हणतो, मी आपला हॉटेलात उतरतो.

"धर," ती तारिकला म्हणाली. "सगळ्या धर."

"आई, तिथे झोपतं कोण?"

"तू."

"मी तर रात्रीच परत जाते."

"खोली गार असते म्हणून जातेस."

दोघींच्या मधे उभ्या असलेल्या तारिकने घसा खाकरला. "सगळ्या धरल्या तरी जुन्याच्या निम्म्याहून कमीच लागतोय. माणसं किती हा प्रश्नच नाही, भिंती आणि काचांचा आहे. तुमच्या काचा आता दुहेरी आहेत. झोपायच्या खोलीला आम्ही अठरा अंश धरतो. चालेल?"

"मागच्या खोलीला एकवीस. हिची आहे ती. हिला भारी थंडी वाजायची, मे महिन्यातसुद्धा मोजे घालून झोपायची."

"एकवीसमध्ये मला झोप नाही लागत, आई. आता नाही लागत."

"मला कसं कळणार? बाबा गेल्यापासून एक रात्र तरी राहिलीस का?"

जिलियन तारिककडे वळली.

"अठराच धरा," ती म्हणाली. "कमी पडले तर मीच सांगेन आईला. सकाळी उठल्यावर."