भैरवीचा पडता बॉल

माझ्या भैरवीचा बॉल बॅटसमोर येईपर्यंत अगदी शहाण्यासारखा येतो, आणि मग एकाएकी खाली बसतो, कुणी पाट मांडून ठेवल्यासारखा. सॉफ्टबॉलमध्ये याला ड्रॉप म्हणतात. आमच्या तेर गावात तो कुणालाच मारता येत नाही.

हे मी खात्रीनं सांगते, कारण तीन वर्षं तो मीच झेलतेय. शिकवायला महारुद्र सर आहेत, पण ते आठवड्यातून दोनदा. उरलेले पाच दिवस मी. ब्लाऊज शिवून झाले की जुन्या गोधडीतून शिवलेला जाड हातमोजा चढवायचा आणि अंगणात उकिडवं बसायचं. लेकीनं टाकायचं, आपण झेलायचं. थोडा खेळ तिच्या मोबाईलवर बघून शिकले, बाकीचा नडगीवर बॉल बसून.

मागच्या आठवड्यात सोमवारी संध्याकाळी शंभुलिंग अप्पांची महेश्वरी बॅट घेऊन दारात उभी. अप्पांचं पुढच्या गल्लीत आडत दुकान. ही आणि भैरवी पाचवीपासून एका डब्यात जेवलेल्या. जिल्ह्याच्या संघात भैरवीचं पिचर, म्हणजे बॉल टाकणारी, म्हणून नाव पक्कं होतं, महेश्वरीचं व्हायचं होतं. रविवारी धाराशिवला निवड. प्रत्येकीला पाच बॉल, टाकणार भैरवी. दोन तरी मैदानात नीट मारले तर नाव लागणार. आणि अप्पांनी सांगून ठेवलेलं, यंदा नाव लागलं नाही तर बॅट माळ्यावर, पोरीनं बारावीचा क्लास धरायचा. अप्पा वाईट माणूस नाहीत. कुठंतरी एक रेघ ओढावी म्हणून त्यांनी ती इथं ओढली, एवढंच.

"काकू, तिचा बॉल मला दिसतच न्हाय," महेश्वरी म्हणाली. "मारायला जावं तर पायाशी."

भैरवीच मागून म्हणाली, "आई, शिकव तिला. माझं ऐकत नाही ती." आणि रविवारी आपण सोपा टाकणार नाही, हेही तिनं मैत्रिणीला तोंडावर सांगून टाकलं.

मग सहा दिवस भैरवी टाकायची, मी झेलायची आणि मध्ये महेश्वरी. शाळेचे उसवलेले बॉल मीच शिवून देते, त्यामुळं त्यांची शिवण मला पाठ आहे. महेश्वरीला म्हटलं, लाल टाका बघ. बॉल पुढं गडगडत आल्यासारखा फिरत असला तर तो पडणार. उलटा फिरत असला तर वर चढणार, त्याला लांबूनच नमस्कार कर. बॅटिंगच्या चौकटीत जरा पुढं सरकून उभी राहा, म्हणजे पुरता पडायच्या आत सापडेल. घाई नको. तिची खोड अशी, की बॉल पडला की ती नुसते हात खाली न्यायची. तिला म्हटलं, सुई पडली तर आपण हात लांब करतो का, गुडघे वाकवतो? तसंच इथं.

सगळं सांगितलं. एक सोडून.

ड्रॉप टाकताना भैरवीचं पाऊल वीतभर आखूड पडतं. तिला स्वतःलाही हे ठाऊक नव्हतं. मीच कधी बोलले नाही, कारण सांगितलं की ती सुधारणार, आणि तेवढ्याच खुणेवर तर मी तो बॉल झेलत होते. नडगी माझी होती. महेश्वरीला सांगायचं तर लेकीची पेटी दुसऱ्यापुढं उघडल्यासारखं वाटे. तोंडापर्यंत यायचं आणि मी गिळायची.

रविवारी पहिल्या एसटीनं धाराशिवला गेलो. महेश्वरीची पाळी आली. पहिला बॉल वर चढला, ती वाऱ्यात बॅट फिरवून बसली. दुसरा ड्रॉप, तोही बॅटीखालून गेला. तिसरा पुन्हा वरचा. बॅट उशिरा आली, बॉल तिला चाटून मागं जाळीत गेला. राहिले दोन, आणि दोन्ही मारायलाच हवेत. मी कडेला दगडावर बसून पदर तोंडाशी धरला होता, रडू येत होतं म्हणून नाही, 'पाय बघ' असं ओरडू नये म्हणून.

चौथ्याला भैरवीचं पाऊल आखूड पडलं. आणि माझ्या डोळ्यांदेखत महेश्वरी तेवढ्यात पुढं झाली, गुडघ्यात वाकली, आणि बॉल भैरवीच्या डोक्यावरून सरळ गेला. भैरवीचा चेहरा तांबडा झाला. पाचवा तिनं सगळा जीव लावून टाकला. तोही ड्रॉप. तोही गेला, पार कुंपणापर्यंत.

सरांनी नाव लिहिलं. महेश्वरीनं अप्पांना फोन लावला. त्यांनी आधी विचारलं, जेवली का. मग म्हणाले, क्लासवाल्यांना सांगतो, मॅचेस झाल्यावर येईल म्हणून.

परतीच्या एसटीत आम्ही तिघी एका बाकावर होतो. भैरवीनं विचारलं, "आई, तू काय सांगितलंस हिला?"

"काकूंनी न्हाय सांगितलं," महेश्वरी म्हणाली. "काकूंच्या गुडघ्यांनी सांगितलं. ड्रॉप असला की तुझ्या हातनं बॉल सुटायच्या आत त्या अजून खाली बसायच्या, आन् मागनं कट्ट वाजायचं. आज मागं त्या न्हवत्या. ह्यांना आधी कसं कळतंय, काय बघतात, तेच ध्यानात येईना. तिसऱ्याला बॉल सोडून तुझ्याकडंच बघत बसले, लांब पाय टाकलास. चौथ्याला आखूड."

भैरवी माझ्याकडं वळली. "तीन वर्षं तुला माहीत होतं?"

मी मान डोलावली.

"आणि मला बोलली नाहीस."

"नडगी माझी होती गं."

ती रागावलीच होती, पण महेश्वरी इतकी हसायला लागली की तिलाही राग धरून बसता येईना. माझ्या खांद्यावर डोकं टेकून ती तेरपर्यंत झोपून गेली, रागातच.

सोमवारी संध्याकाळी तिनं माझा कापडावर खुणा करायचा खडू घेतला आणि अंगणातल्या फरशीवर रेघ मारली. आता प्रत्येक बॉलला पाऊल इथंच पडणार, मॅचमध्ये कुणाला कळायला नको. कुणाला म्हणजे मलाही. मी पायांकडं बघत उभी राहिले.

एवढ्यात महेश्वरी आली. काखेत बॅट, हातात बारदानाच्या दोन जाड पट्ट्या. अप्पांनी दुकानातून कापून दिल्या होत्या, काकूंच्या नडग्यांना बांधा म्हणून.

तिनंच खाली बसून त्या घट्ट बांधल्या. मी हातमोजा चढवून उकिडवी बसले. कट्ट.

दोघी थांबल्या. बॅट उचललेली महेश्वरी मागं वळून म्हणाली, "हा कुठला, काकू?"

"हा नुसता बसण्याचा," म्हटलं. "टाक गं."