न बोलावलेला बांबू

मंगळूने साहेबांच्या कपाळावरचा ओला फडका उचलला, तर तो जवळजवळ सुकलेला होता. पातेल्यात बुडवून, पिळून त्याने तो पुन्हा ठेवला. साहेब नॉर्वेच्या भाषेत कुणावर तरी रागावत होते. तीन वर्षांत मंगळूने त्यांना रागावलेलं पाहिलं नव्हतं, त्यामुळे ताप डोक्यात गेलाय हे ओळखायला डॉक्टर लागत नव्हता. डॉक्टर लागणार होता तो पुढच्या कामासाठी, आणि तो नाशिकला होता.

खाटेच्या पायथ्याशी साहेबांच्या पत्नी मेरिटबाई गुडघे टेकून बसल्या होत्या. सकाळपासून.

"बाई, आता न्यायला पाहिजे," मंगळू म्हणाला. "डांबरी रस्ता तीन कोस आहे. तिथून जीप मिळंल. पण ओहोळाला पाणी चढतंय. आणखी उशीर केला तर कुणालाच जाता यायचं नाही."

"होय," बाई डोळे न उघडता म्हणाल्या. "मी देवाला सांगितले आहे."

बाईंचं मराठी भाषाशाळेतलं होतं. त्यात कधी चूक सापडत नसे, आणि खैरपाड्यात तसं बोलणारं दुसरं कुणी सापडत नसे.

देवाला सांगितलं होतं हे खरंच. अडचण एवढीच की फक्त त्यालाच सांगितलं होतं. बाई आणि साहेब ज्या मिशनरी मंडळाकडून आले होते, त्याचा एक कडक नियम होता. आपली गरज देवाला सांगायची, माणसाला नाही. माणसाकडे हात पसरला, म्हणजे देवावरचा भरवसा सुटला. बाविसाव्या वर्षी बाईंनी हे व्रत घेतलं, आणि आता त्या पंचावन्नच्या होत्या.

खैरपाड्यावर तीन वर्षांत देवाने कसूर केली नव्हती. घरातलं रॉकेल संपलं की दुसऱ्या दिवशी ओट्यावर भरलेली बाटली. छपराचं गवत उडालं की पेंढ्या हजर. बाई हे सगळं पत्रातून नॉर्वेला कळवत, आणि तिथली मंडळी उभी राहून गाणी म्हणत. पत्रं पेठला जाऊन टपालात टाकायचं काम मंगळूचं. विहिरीवर जाऊन "बाईचं रॉकेल संपलं बरं का" असं पाड्यावरच्या म्हाताऱ्या नवसाबाईच्या कानावर घालायचं कामही मंगळूचंच. फक्त ते त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं.

आज मात्र ही सोय चालेना. सकाळी तो घरासमोरच्या आंब्याखाली जाऊन आला होता. तिथे पाड्यावरचा झिपरू आणि सात गडी इरली पांघरून बसलेले. बांबू तोडून, सोलून तयार. त्याला घोंगडीची झोळीसुद्धा बांधून झालेली.

"चला ना मग," मंगळू म्हणाला होता.

"बाईनं हाक मारली?" झिपरूने विचारलं.

"मी मारतोय ना."

"तू कोण? त्या घरी भाकऱ्या थापणारा." बाकीचे हसले. झिपरू हसला नाही. "न बोलावता बांबू कुणाच्या दारात नेत्यात का रं? का बाटला तवा ह्येपण इसरला?"

मंगळू विसरला नव्हता. आजाऱ्याला न्यायचा बांबू घरधनिणीने स्वतःच्या तोंडाने हाक मारली तरच दारात येतो. न बोलावता येतो तो मेलेल्याला न्यायला. जित्या माणसाच्या दारात तो तसाच नेऊन टेकवला, तर त्याचं मरण आपणच आणलं, असं पाड्यावर सगळे मानत. मंगळूचा बाप्तिस्मा होऊन अकरा वर्षं झाली होती, आणि तोही मानत होता. पास्टरांनी तेवढं विचारलं नव्हतं, म्हणून त्याने सांगितलं नव्हतं.

तर आठ खांदे शंभर पावलांवर बाईंच्या हाकेची वाट पाहत बसले होते, आणि बाई घरात आठ खांद्यांची. देवाने आपल्या बाजूचं काम उरकलेलं दिसत होतं.

दुपार कलली. कुडाच्या फटीतून नवसाबाईचा आवाज आला. "ए मंगळू, हाक मारायला सांग ना तिला! मुकी हाय का?"

"हळू बोल, आजी."

"हळू कशाला? म्हातारा मरायला लागलाय."

मंगळूने वळून पाहिलं. साहेब रागवायचे थांबले होते. त्याने त्यांच्या छातीवर हात ठेवला. छाती भराभर वरखाली होत होती, पण ओठांतून आवाज नव्हता. तो रागच बरा होता.

त्याने फडका पातेल्यात टाकला आणि बाईंच्या समोर जमिनीवर बसला.

"बाई, बाहेर माणसं बसलीत. आठ. सकाळपासून."

बाईंनी डोळे उघडले. चेहरा एकदम उजळला. "देवाने पाठवले!"

"पाठवलं असंल. पण ती दारात यायची नाहीत." मग त्याने बांबूचं सगळं सांगितलं. "तुम्हीच हाक मारायला पाहिजे. माझी चालत नाही."

"मी माणसांकडे मागत नाही, मंगळू. तुम्हाला माहीत आहे. आजपर्यंत कधीही मागावे लागले नाही."

मंगळूने पातेलं बाजूला सरकवलं.

"रॉकेल मी सांगायचो," तो म्हणाला. "नवसाबाईला. गवताचंही मीच. मागच्या पावसात तांदूळ आले, तेही."

बाईंना समजायला वेळ लागला. भाषाशाळेत हे शिकवलेलं नव्हतं. त्यांनी खाटेचा खूर धरला.

"सगळे?"

"दोनदा शेळीचं दूध आपसूक आलं होतं. ते मी नाही."

 टेबलावर कालचं अर्धं लिहिलेलं पत्र होतं. त्याकडे बाईंनी पाहिलं आणि नजर काढून घेतली.

"म्हणजे देवाने पाठवले नव्हते."

"झिपरूनं पाठवलं. झिपरूला नवसाबाईनं सांगितलं, नवसाबाईला मी." मंगळूने मान खाजवली. "मला कुणी सांगितलं, ते मला ठाऊक नाही. मी कुणाचं एवढं ऐकणारा माणूस नाही, बाई. माझ्या बायकोला विचारा."

साहेबांच्या घशातून घरघर आली. बाई उठल्या. इतका वेळ गुडघ्यांवर बसून पाय बधिर झाले होते, त्या भिंतीला धरून ओट्यावर आल्या. आंब्याखाली आठ इरली एकदम ताठ झाली.

  बाईंनी हात जोडले, डोळे मिटले आणि मोठ्याने सुरुवात केली, "हे दयाळू परमेश्वरा..."

आंब्याखालचं कुणी हललं नाही.

"मंगळ्या," झिपरूने तिथूनच आवाज दिला, "ही आमाला बोलवती का त्याला?"

मंगळूच्या जिभेवर उत्तर तयार होतं. तीन वर्षांत अशी उत्तरं द्यायची त्याला सवय झाली होती. पण त्याआधी बाईंनी डोळे उघडले.

"तुम्हाला," त्या म्हणाल्या. आवाज चिरकला. त्यांनी पुन्हा, ओरडून सांगितलं, "झिपरूदादा, मी तुम्हाला बोलावते आहे. कृपया या!"

कृपया म्हणजे काय हे पाड्यावर कुणाला ठाऊक नव्हतं. पण बांबू उठला.

ओहोळावर पोचेपर्यंत पाणी छातीला लागायला आलं होतं. गढूळ, वेगाचं. तरी सगळे उतरले. झिपरू पुढच्या टोकाला. मंगळू मागे, शेवटच्या माणसाच्या कमरेला धरून. बाई झोळीच्या बाजूने साहेबांचं डोकं दोन्ही हातांनी वर उचलून चालत होत्या, आणि त्यांचं लुगडं पाण्यावर फुगलं होतं. मधोमध एका गड्याचा पाय शेवाळावरून सटकला. झोळी बुडाली, वर आली. साहेब खोकले. सगळे जागच्या जागी थबकले. पुढे पाऊल टाकायची कुणाची छाती होईना, आणि उभं राहिलं तर पायाखालची वाळू सरकत होती.

"बाई!" झिपरू मान न वळवता ओरडला. "तुज्या देवाला सांग ना काय तरी!"

"तुम्ही सांगा," बाई म्हणाल्या. त्यांची नजर नवऱ्याच्या तोंडावरून हलत नव्हती. "माझे हात गुंतले आहेत."

 झिपरूने बांबू खांद्यावर जरा सारखा केला.

"देवा, मी झिपरू, खैरपाड्याचा," तो मोठ्याने म्हणाला. "आपली वळख नाय."

आणि त्याने डावा पाय पुढे टाकला.