रिकाम्या घरांतली सीताफळं

सोमवार: काही नाही.
मंगळवार: दोन उभ्या, एक आडवी.
बुधवार: दोन उभ्या, एक आडवी.
गुरुवार: काही नाही.
शुक्रवार: दोन उभ्या, एक आडवी.
शनिवार: काही नाही.
रविवार: दोन उभ्या, एक टिंब. (टिंबावरून भांडण.)

उभी रेघ म्हणजे भाकर. आडवी म्हणजे वाटीभर वरण. टिंब म्हणजे चोरून खाल्लेला घासभर भात. चुलीमागच्या भिंतीवर, गेरूने, दर दिवसाला एक घर आखून. काढणारी माझी बायको कस्तुराबाई. मला चौथीपर्यंतचं अक्षर येतं, तिला एकही येत नाही. तरी वाशिमच्या डॉक्टरांनी काम तिलाच दिलं.

"इंद्रभान, तुम्ही लिहिलंत तर मी विश्वास ठेवणार नाही," ते म्हणाले. "बाईंना लिहू द्या. तोंडात गेलेलं सगळं."

उजव्या पायाचा अंगठा. तीन महिन्यांपूर्वी ठेच लागली, जखम भरेना. डॉक्टरांनी काचेच्या नळीत निळं औषध घेतलं, त्यात माझ्या लघवीचे थेंब टाकले, नळी दिव्यावर धरली. निळं विटेसारखं लाल झालं.

"साखर. महिन्याभरात हा रंग उतरला नाही तर अंगठा काढावा लागेल."

पेरणीला तिफणीमागे चालणाऱ्याचा सगळा तोल अंगठ्यावर असतो. ओल्या काळ्या मातीत अंगठा रुतवायचा, मगच पुढचं पाऊल. अंगठा गेला की मी बांधावर बसणारा माणूस.

म्हणून दोन भाकरी म्हणजे दोनच. गूळ बंद, साखर बंद. शिवाय माझा एकच उपास होता, सोमवारचा. मी गुरुवार आणि शनिवार जोडले. भिंतीवर रिकामं घर दिसलं की मला मोठं काही जिंकल्यासारखं वाटे.

पहिल्या आठवड्यानंतर नळी: लाल.
दुसऱ्या आठवड्यानंतर: जास्त लाल.

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. "बाई, खरं सांगता ना?"

परतताना बैलगाडीत कस्तुराबाई माझ्याकडे पाठ करून बसली होती. ती रडत होती हे मला तिच्या खांद्यांवरून कळलं.

सितारा बागवानीण मंगरूळपीरहून फळांची टोपली घेऊन यायची, फळांच्या बदल्यात ज्वारी न्यायची. त्या सोमवारी ती चुलीजवळ टेकली आणि भिंत बघत राहिली.

"हे काय रंगवून ठेवलं व कस्तुराबाई?"

कस्तुराबाईने रेघा समजावल्या.

"अन् हे तीन घर रिकामे काहून?"

"उपास हाय ना त्या दिवशी यांचा."

"उपास? मागच्या सोमवारी सहा सीताफळं देल्ली मी तुले. गुरुवारी डझनभर केळी. ते काय बैलानं खाल्ली?"

"फळं तं खाल्ली. पण जेवले कुठी?"

"फळाले खानं म्हनत नाई तुमच्यात?"

"उपासाले चालते ते!" मी ओसरीवरून ओरडलो. "अन् रताळं तं भाजीच हाय."

"चालते ना पाटील. देवाले चालते. त्या नळीले चालते का?"



आम्ही खोटं बोलत नव्हतो. आमच्याकडे सहा सीताफळं खाल्लेल्या माणसाला विचारा, जेवलास का? तो म्हणेल, नाही, आज उपास आहे. आणि त्याला खरंच तसं वाटत असतं.

"आमच्या रोज्यात दिवसभर पानीबी नाई," सितारा म्हणाली. "पन सांजेले खजूर खाल्ला तं खाल्ला म्हनतो. आन इकडे तो गेरू."

तिने सगळं आठवून आठवून काढलं. सोमवारी सहा गोल. गुरुवारी बारा. शनिवारी सीताफळं पाच आणि रताळ्यांचे लांबट गोल. घरं पुरेनात, गोल एकमेकांवर चढले. भिंतीवर सगळ्यात भरलेले दिवस माझ्या उपासाचे होते.

कस्तुराबाई हळूच म्हणाली, "सितारा, आता तुही टोपली कोन घेईन?" गावात आमच्याएवढी फळं दुसरं कोणी घेत नव्हतं.

"पाह्यतो ना. पाटलाचा अंगठा काय बजारात भेटते?"

तिसऱ्या खेपेला कस्तुराबाईने डॉक्टरांना गोल सांगितले. ते आधी हसले, मग तिची माफी मागितली. ती माफी तिला एवढी भावली की गाडीत तिने मला आपणहून पानाचा विडा दिला.

डॉक्टरांचा नवा नियम: फळ मोजायचं. दिवसाला एक, आणि त्याबदली अर्धी भाकर कमी. रताळं बंद.

"अन् भाजी?" तिने विचारलं होतं.

"पालेभाजी मोजू नका. पोट भरेपर्यंत खाऊ द्या."

सोमवारचा उपास मी ताकावर ठेवला. बाकीचे दोन सोडले.

पुढच्या सोमवारी सितारा आली. टोपलीत एकही फळ नाही. नुसत्या पालेभाज्या: चिवळ, अंबाडी, तांदुळजा.

"जवारी नको काढू," ती म्हणाली. "बांधावरची हाय. तोडाले फक्त कंबर लागते."

विटकरी.
पिवळसर.
हिरवं.
निळं.

निळं म्हणजे निळं. डॉक्टरांनी नळी कस्तुराबाईच्या हातात दिली. नळी उजेडाकडे धरून ती इतका वेळ उभी राहिली की मागचा माणूस खोकला.

माघात जखम बुजली. पहिल्यांदा जोडा घातला तेव्हा मी शेतात गेलो नाही. पायलीभर ज्वारी खांद्यावर घेऊन दोन कोस चालत मंगरूळपीरला गेलो. वाटेत पावलोपावली अंगठा जमिनीला टेकत होता आणि मी मनात तेवढंच म्हणत होतो: हा टेकला, हा टेकला.

सितारा दारातच होती. वाटेत जुळवलेलं सगळं बोलणं मी विसरलो.

"जवारी कायले?"

"भाजीची."

"भाजी मोजाची नाई म्हने डाक्टर," ती म्हणाली, आणि माझ्या पायांकडे बघत खुदकन हसली. "पाची बोटं घिऊन आले! बसा."

तिने संत्रं सोललं. अर्धं मला, अर्धं तिने घेतलं. नाही म्हणणं मला जमलं नसतं.

घरी पोचलो तेव्हा कस्तुराबाई पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभी होती.

"आधी गेरू घे," मी म्हणालो. "अर्धा गोल काढ."

तिने तांब्या खाली ठेवला, माझ्या धुळीच्या पायांकडे एकदा पाहिलं आणि अर्धा गोल काढला.